बाहेरदेशी जाणारी प्रत

फुएंतेलोबात सिनेमावाले आले तेव्हा गावात धडधाकट पुरुष असा उरलाच नव्हता. म्हातारे होते, फादर इलारियो होते, शेळ्या राखणारा बहिरा सातुर्निनो होता. बाकीचे सगळे जर्मनीत, रेमशाइडच्या हत्यारांच्या कारखान्यात. नाताळात यायचे, डुक्कर कापायचे, बायकांना दिवस गेले की परत जायचे. कासिल्दाला मात्र दिवस गेले नव्हते. तिची सासू लेओन्सिया ते तोंडानं बोलून दाखवत नसे. शेजारणीचं मूल मांडीवर घेऊन नुसती सुनेकडे बघत बसायची.

कासिल्दा तिशी ओलांडलेली, उंच, रुंद हाडाची बाई. नवऱ्याशी तिचं वाईट होतं असं नाही. एलादियो भला माणूस होता, पण तो घरात पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखाच जायचा. तो गेला की त्याची खुर्ची सासू भिंतीला लावून ठेवायची, सासरा विस्तवापाशी डुलक्या घ्यायचा आणि दोघी बायका समोरासमोर बसून लसणाचं सूप प्यायच्या. पहिल्यांदा जर्मनीला निघाला तेव्हा त्यानं बॅग भरून झाल्यावर तिला सांगितलं होतं. ती बातमी तिला सगळ्यांत शेवटी कळली.

सिनेमा होता चेटकिणीचा. गावाबाहेरच्या पडक्या मठात आणि त्याखालच्या धुण्याच्या जुन्या कुंडावर तो काढायचा होता. म्हाताऱ्यांच्या, त्यात कासिल्दाच्या सासऱ्याच्याही, हातात मशाली देऊन त्यांना उतारावरून पळवलं, तेव्हा गावाला जत्रेइतका आनंद झाला. कासिल्दाला काम मिळालं कपडे धुण्याचं. सिनेमातलं रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि तांबडा रंग. ते सुकलं की कापड पुठ्ठ्यासारखं व्हायचं आणि त्यावर माश्या बसायच्या.

दोनच दिवसांत तिच्या लक्षात आलं की एकेक प्रसंग हे लोक दोनदा काढतात, आणि दुसऱ्या वेळेला तिच्याकडे धुवायला काही येत नाही. तिनं मारुखाला विचारलं. मारुखा माद्रिदची, नटनट्यांची तोंडं रंगवणारी, जिभेला हाड नसलेली बाई.

"अगं, दोन प्रती असतात," मारुखा म्हणाली. "एक आपली, एक बाहेरदेशी जाणारी. आपल्या प्रतीत चेटकीण झगा घालून मरते. बाहेरच्या प्रतीत झग्याशिवाय."

"का? त्यांच्याकडे थंडी नसते?"

मारुखा इतकी हसली की तिच्या हातातली सिगारेट रक्ताच्या बादलीत पडली.

चेटकिणीचं काम करणारी पोरगी डेन्मार्कची होती, बिर्गित नावाची. कुंडातला प्रसंग तिनं झगा घालून केला आणि संध्याकाळपर्यंत तापानं फणफणली. तिला गाडीत घालून माद्रिदला नेलं. आता आपली प्रत झाली होती, बाहेरची राहिली होती. दिग्दर्शकाचं नाव आमांसियो, पण सगळे त्याला 'दोन आमांसियो' म्हणायचे, म्हणजे आमांसियोसाहेब; हा दम्याचा माणूस, गळ्यात सदा मफलर, बोलायला अतिशय मऊ. तो दुसऱ्या दिवशी दुपारी कासिल्दा कपडे वाळत घालत होती तिथं आला आणि टोपी काढून उभा राहिला.

"बाई, एक विचारायचंय. नाही म्हणालात तर मला राग येणार नाही."

त्यानं सगळं नीट सांगितलं. चेहरा दिसणार नाही. फक्त पाठ. पाण्यातून वर यायचं, केस पुढे, आणि हळूहळू पुन्हा खाली जायचं. बिर्गितएवढीच उंची, तेवढं पुरे. तिथं चौघंच असतील, त्यातली एक मारुखा.

"ही प्रत इथं कोणी बघणार नाही. कायद्यानंच बंदी आहे. ती बाहेरदेशी जाते."

कासिल्दानं चिमटा दोरीवर लावला, मग दुसरा लावला. आपल्या पाठीचं कुणाला काही काम असेल असं तिला आजवर वाटलं नव्हतं. आणि टोपी काढून कुणी तिला काही विचारलंही नव्हतं. गावात तिला सांगायचे. विचारायचं कुणी नाही.

"उद्या सकाळी," ती म्हणाली. "सासू प्रार्थनेला गेली की."

तिच्या डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली भाजल्याचा डाग होता, तळहाताएवढा, चुरगळलेल्या कागदासारखा. लहानपणी चुलतभाऊ रुपेर्तोनं खेळताना निखाऱ्याची शेगडी लाथाडली होती, त्याचा. मारुखानं त्यावर कसला तरी लेप थापला, बोटांनी सारखा केला. "तुझा नवरासुद्धा ओळखणार नाही," ती म्हणाली.

कुंडात रंग ओतून पाणी लालभडक केलं होतं. कासिल्दा गळ्यापर्यंत आत बसली. कॅमेरेवाला काच पुसत होता, तेवढ्यात वरच्या वाटेवर बसवलेल्या माणसानं शीळ घातली.

पोलीस आले होते. हवालदार बारोसो पुढे, त्याच्या मागे एक शिपाई. मारुखानं कासिल्दाचे कपडे उचलून स्वतःच्या बुडाखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. कासिल्दा होती तिथंच राहिली. हनुवटीपर्यंत पाणी, आणि पाणी इतकं दाट तांबडं की त्यात आपले हात तिला स्वतःला दिसत नव्हते.

"फादरनी बघून यायला सांगितलं," हवालदार दोन आमांसियोला म्हणाला. "कसले कसले उद्योग चाललेत म्हणे इथं."

दोन आमांसियोनं परवानगीचा कागद काढला. हवालदार तो वाचत कुंडाच्या कडेनं चालत आला आणि थांबला.

"तू एलादियोची बायको ना?"

"हो, साहेब."

"आत काय करतेस?"

"काम करतेय, साहेब. ती परदेशी बाई आजारी पडली. तिच्या जागी नुसतं बसायचंय, उजेड बघायला."

"झगा घालून?"

एवढाच प्रश्न, पण दोन आमांसियोच्या छातीतली घरघर सगळ्यांना ऐकू आली. कासिल्दानं हवालदाराच्या डोळ्यांत बघितलं. नजर खाली घातली तर संपलं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"तर काय, साहेब. माझ्या सासूला ओळखत नाही का तुम्ही?"

शिपाई फिस्सकन हसला. हवालदार हसला नाही. त्यानं बूट कुंडाच्या काठावर ठेवला, वाकून एक बोट पाण्यात बुडवलं, नाकाशी नेऊन हुंगलं.

"साखर आहे," दोन आमांसियो म्हणाला. "निव्वळ साखर."

"बाहेर ये, पोरी. गारठशील."

"तुम्ही गेल्यावर येते, साहेब. कपडे अंगाला चिकटलेत. बरं दिसत नाही."

हवालदार थोडा वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. त्याला काय कळलं, काय नाही, हे तिला पुढे कधीच समजलं नाही. मग त्यानं कागदाची घडी घातली, दोन आमांसियोच्या कोटाच्या खिशात स्वतःच्या हातानं खुपसली आणि "लवकर उरका" म्हणून चढण चढायला लागला. तो दिसेनासा होईपर्यंत कुणी हललं नाही. कासिल्दाचे दात वाजत होते.

दृश्य एकाच झटक्यात झालं. ती वर आली, थांबली, जराशी वळली, खाली गेली. बाहेर आल्यावर मारुखानं तिच्या पाठीभोवती पंचा टाकायला घेतला आणि तो तसाच हातात धरला. इतका वेळ पाण्यात बसल्यानं लेप सगळा धुऊन गेला होता.

"पुन्हा घेऊ या का?" मारुखानं विचारलं.

"छे, छे," दोन आमांसियो म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "तो डाग सैतानाच्या खुणेसारखा दिसतोय. मला सुचलं नसतं असं झालंय."

कपडे घालून कासिल्दा घराकडे निघाली. सुटल्यासारखं वाटत होतं, थोडं हसूही येत होतं. ओब्दुलियाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर आली आणि जागच्या जागी उभी राहिली. बाहेरदेशी. म्हणजे जिथं फुएंतेलोबाचे सगळे पुरुष होते तिथंच की.

वर्ष निघून गेलं, त्यात सासराही गेला. आपली प्रत सोरिया शहरातल्या थिएटरात लागली तेव्हा सगळं गाव बस करून बघायला गेलं. 'चेटकिणीचं पाणी' असं नाव होतं. कासिल्दा जीव मुठीत धरून बसली होती. पण कुंडातून वर आली ती झगा घातलेली बिर्गित, आणि फादर इलारियो सातुर्निनोला मशाल घेऊन धडपडताना बघून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग कासिल्दानंही तो विषय मनातून काढून टाकला. निदान तसं ठरवलं.

गावात टेलिफोन एकच, ओब्दुलियाच्या दुकानात, खारवलेल्या माशांच्या पिंपाशेजारी. रविवारी दुपारी जर्मनीहून फोन यायचे. बायका पिठाच्या पोत्यांवर बसून आपापल्या पाळीची वाट बघायच्या, आणि एकीचं बोलणं सगळ्या ऐकायच्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. नोव्हेंबरातल्या अशाच एका रविवारी एलादियोचा फोन आला.

"कासिल्दा? ऐकू येतंय का? अगं, आपला पिक्चर आलाय इथं."

तिनं पोत्यांकडे पाठ केली.

"कुठला पिक्चर?"

"कुठला म्हणजे? आपल्या गावचा. गास्पार ट्राममधून चालला होता, तर भिंतीवरच्या चित्रात आपला मठाचा मनोरा. म्हटला, मेलो तरी हा मनोरा विसरणार नाही. नाव काहीतरी भलतंच दिलंय, जर्मन. पुढच्या रविवारी आम्ही सगळे जातोय. गावचे झाडून सगळे."

पोत्यावरच्या बायका हसल्या. गास्पार हा ओब्दुलियाचा नवरा. लेओन्सिया फोनच्या इतकी जवळ उभी होती की तिच्या शालीचा वास येत होता.

"नको जाऊस," कासिल्दा म्हणाली.

"का?"

"फादर म्हणतात, पाप आहे."

"फादर स्वतः जाऊन आले ना? आईनंच सांगितलं मला."

"काही नाहीये रे त्यात. पैसे फुकट जातील."

"चार वर्षं झाली, आपल्या गल्लीतनं उन्हाळ्यात चाललो नाही मी. बाबांच्या हातात मशाल आहे म्हणे. बाबा गेले, मला त्यांच्या मातीला येता आलं नाही. निदान तिथं तरी बघतो."

तिनं फोनची तार बोटाला गुंडाळली. ओब्दुलिया तराजूचं पारडं पुसत होती, पुसलेलंच पुन्हा पुसत होती. पाठीवरच्या त्या डागाची गोष्ट ठाऊक असलेला आणखी एक माणूस तिकडे होता.

"एलादियो," ती म्हणाली, "रुपेर्तो येतोय का?"

"येतोय की. का?"

"सहज. त्याला सांग, माझी आई विचारत होती."

पुढच्या रविवारी ती जेवून लगेच दुकानात येऊन बसली. तिच्या आधी गास्पारचा फोन आला. ओब्दुलिया "हो... हो... असं?" म्हणत राहिली, आणि एकदा तिनं कासिल्दाकडे बघून नजर काढून घेतली, किंवा कासिल्दाला तसं वाटलं. मग दुसऱ्या बायकांचे फोन झाले. कुणाच्या नवऱ्याला बाप पाहून रडं आवरलं नाही, कुणाला आपलं गाढव दिसलं. एलादियोचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

"आजारी असेल," लेओन्सिया म्हणाली.

"असेल."

"नाहीतर तूच काही लागट बोलली असशील."

कासिल्दानं चुलीत लाकूड सारलं. झोप उडाली होती. काम करताना मधेच हात थांबायचा. मारेल, असं तिला वाटत नव्हतं. एलादियो हात उगारणारा नव्हता. तो काहीच बोलणार नाही आणि परत येणारच नाही, ही तिची भीती होती. तसे गेलेले पुरुष शेजारच्या गावांत होते. त्यांच्या बायकांना विधवेचा काळा झगासुद्धा घालता येत नव्हता.

नाताळाच्या आधी बस आली. पुरुष उतरले, पेट्या, रेडिओ, बाहुल्या घेऊन. एलादियो सगळ्यांत शेवटी उतरला. त्यानं आईच्या गालाचे मुके घेतले, मग कासिल्दाच्या. "बरी आहेस?" म्हणाला. "बरी आहे," ती म्हणाली. रुपेर्तो तिच्याकडे न बघताच पेटी उचलून चालायला लागला.

घरात एलादियो सरळ वागत होता. लाकडं फोडली, छपरातली गळती बुजवली, काबुली चण्यांचा रस्सा दोनदा मागून घेतला. पण तिनं खोलीत पाऊल टाकलं की तो काहीतरी कारण काढून उठायचा. चौथ्या दिवशी त्यांच्या अंगणात डुक्कर कापायचं ठरलेलं होतं.

सकाळी सगळे जमले. गास्पारनं सुरा चालवला, रुपेर्तोनं मागचे पाय धरले, आणि कासिल्दा परातीत पडणारं रक्त गोठू नये म्हणून हातानं ढवळत बसली. हे काम दरवर्षी तिचंच. रक्त ऊन होतं, त्याची वाफ निघत होती. दारूची सुरई फिरली तशा जिभा सैल झाल्या.

"हे बघा खरं रक्त," गास्पार म्हणाला. "आपल्या पिक्चरमधलं म्हणजे नुसतं सरबत."

"पण ती पाण्यातली बाई सरबत नव्हती हां," एक जण म्हणाला, आणि पुरुष हसले.

"कोण होती रे ती? ती डेन्मार्कवाली नव्हे. ती काडी होती नुसती. ही कशी भरलेली, कामाची बाई. काय रे एलादियो, तू तर बोंबललास ना सगळ्यांत मोठ्यानं?"

कासिल्दाचा हात थांबला. परातीच्या कडेला रक्त लगेच साकळायला लागलं.

"ढवळ गं," सासू म्हणाली.

एलादियो चाकूनं डुकराचे केस खरवडत होता. मान वर न करता म्हणाला, "माद्रिदहून आणली होती ती. मी विचारलं होतं थिएटरातल्या माणसाला. नाटकात काम करते."

"नाव काय?" गास्पारनं विचारलं.

"नावं कोण लक्षात ठेवतं?"

"पाय धर रे नीट," रुपेर्तो गास्पारवर खेकसला, पाय स्वतःच्याच हातात असताना. विषय तिथंच तुटला.

दुपारी बायका आतडी धुवायला ओढ्यावर जातात. पुरुषांनी तिकडे जायची रीत नाही. कासिल्दा मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिली, आणि बाकीच्या परतल्यावर मान वर केली तर एलादियो दगडावर बसलेला.

"पाहिलंस," ती म्हणाली.

"पाहिलं."

ती आतडं उलटं करून पाण्यात धरून राहिली. शेवटी तिला राहवेना. "जे बोलायचंय ते बोल. हे रोज उठून जाणं मला सोसत नाही."

"तिथं सगळे शिट्ट्या मारत होते," एलादियो म्हणाला. "जर्मन, तुर्की, आपले, सगळे. मीपण मारली. तोंडात बोटं घालून. वाईट बोललो, ओरडून बोललो. म्हटलं, कुणीतरी नटी आहे. आणि मग तू जराशी वळलीस, डाग दिसला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "रुपेर्तो शेजारी होता. त्यानं माझा दंड धरला आणि बाहेर नेलं. म्हणाला, दम कोंडतोय, चल. दुसरं काही बोलला नाही. आजपर्यंत नाही."

तिनं मनाशी कितीतरी उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही इथं लागू पडत नव्हतं. त्याला राग आला असेल असं धरून ती चालली होती. हा माणूस लाजेनं वाकला होता.

"मी नसते तर?" तिनं विचारलं. "दुसरी कुणी असती तर ओरडत राहिला असतास?"

"असतो बहुतेक."

खोटं बोलला नाही, एवढं तिला बरं वाटलं.

"तू का केलंस?" तो म्हणाला.

"त्यानं विचारलं म्हणून."

"विचारलं म्हणून कुणी असलं करतं?"

"तू जर्मनीला गेलास तेव्हा मला विचारलं होतंस?"

एलादियोनं एक खडा उचलून ओढ्यात टाकला. वरून सासूची हाक आली, आतडी लवकर आणा म्हणून. दोघांपैकी कुणी ओ दिली नाही.

"मी आता इथं राहणार नाही," कासिल्दा म्हणाली. "तुझ्याबरोबर येणार."

"आम्ही चौघं एका खोलीत राहतो."

"मग दुसरी खोली बघ."

"आईला काय सांगायचं?"

"बॅग भरून झाली की सांगू. या घराची तीच रीत आहे."

त्याला हसू आलं आणि लगेच त्याचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. पण त्यानं टोपलीची एक कडी धरली, आणि आतड्यांची टोपली दोघांनी मिळून चढणीवरून वर आणली. अंगणातले पुरुष बघत राहिले.

वसंतात ती रेमशाइडला गेली. एका इस्पितळाच्या धुलाईघरात लागली. तिथलं रक्त खरं होतं आणि गार पाण्यात निघायचं. सुरुवातीला वर्षभर दोघांचं फारसं जमलं नाही. एलादियो सिनेमाला जायचा बंद झाला, आणि तिला ते प्रायश्चित्त वाटायचं, त्याचा रागही यायचा. मुलगी झाली. भांडणं झाली, मिटली. पेन्शन सुरू झाल्यावर दोघं गावी परतली तेव्हा लेओन्सिया जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्या सिनेमावर मधल्या काळात कुठं बंदी आली होती, कुठं खटला झाला होता, प्रती जाळल्या होत्या. आपली, झग्याची प्रत कुणी जपली नाही, ती हरवली. बाहेरची तेवढी उरली, आणि असल्या सिनेमांचं वेड असणारी पोरं तिच्या मागे लागली. काळे शर्ट घालून ती फुएंतेलोबात यायची, कुंडाचे फोटो काढायची. शेवटी बार्सेलोनाच्या एका पोरीनं पंचायतीकडून परवानगी काढली आणि एका रविवारी दुपारी सभागृहात पडदा लावला.

"जायचं का?" एलादियोनं विचारलं. त्याला आता नीट ऐकू येत नव्हतं.

"जायचं," कासिल्दा म्हणाली.

ती पुढच्या रांगेत बसली, ओब्दुलियाशेजारी. मशाली आल्या, सातुर्निनो धडपडला, लोक हसले. मग पाणी आलं. कासिल्दानं मांडीवरची पर्स घट्ट धरली. ती मोठी झालेली पाठ, तरणी, ओली, तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. मागे काळ्या शर्टवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. गावातल्या माणसांनी वाजवल्या नाहीत.

"थंड होतं का गं?" ओब्दुलिया पडद्यावरून नजर न काढता पुटपुटली.

कासिल्दा तिच्याकडे वळली. "तुला कधीपासून माहीत?"

"मारुखा माझ्याकडेच राहत होती ना. त्याच रात्री सांगितलं तिनं."

"आणि तू बोलली नाहीस कुणाला?"

"टेलिफोन माझ्या दुकानात होता, बाई. माझ्या तोंडातून एक गोष्ट फुटली असती तर तिथं पुन्हा कोण बोललं असतं?"

दिवे लागले. बार्सेलोनाची पोरगी पडद्यापुढे उभी राहिली. दोन आमांसियोविषयी बोलली, बिर्गितविषयी बोलली. मग म्हणाली, कुंडातल्या बाईचं नाव मात्र कुठंच सापडत नाही, श्रेयनामावलीत नाही, कुणाच्या मुलाखतीत नाही. इथं कुणाला ठाऊक आहे का?

मागच्या रांगेतला रुपेर्तो आपल्या काठीची मूठ निरखू लागला. ओब्दुलियानं चष्मा काढून पुसायला घेतला. कुणी कासिल्दाकडे बघत नव्हतं, आणि त्यावरूनच तिला कळलं की जवळजवळ सगळ्यांना माहीत आहे.

ती बसल्या जागेवरूनच बोलली. "कासिल्दा," ती म्हणाली. "कासिल्दा ओर्तेगा मोरेनो. मीच ती. लिहून घे, पोरी."

पोरगी पेन शोधू लागली. एलादियोनं कानामागे हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "काय म्हणते ती? काय हवंय तिला?"

"माझं नाव," कासिल्दा म्हणाली.